एका पल्ल्याचं दार

आमचे मोठबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, नवा माणूस भेटला की त्याचं नाव विचारत नाहीत. गाव विचारतात, आणि लगेच आजीचं माहेर विचारतात. माणूस एसटीत शेजारी बसलेला असो, नाहीतर त्यांच्या छातीला नळी लावून उभा असलेला डॉक्टर असो. आजीचं माहेर कळलं की ते डोळे मिटतात आणि उजव्या हातानं गुडघा चोळायला लागतात. हात थांबला की नातं सापडलं असं समजायचं.

"मंग तू माहा भाचा लागते ना बे," ते म्हणतात. "तुह्या बापाच्या मावशीले आमच्या घरची..."

इथून पुढे बराच वेळ जातो. आमच्या घरात या वेळेची सगळ्यांना धास्ती होती. मोठबा अंगणात शिरताना दिसले की बाबांना शेतातल्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी पाहायला जायचं आठवे. आईला चुलीवर काहीतरी करपल्याचा वास येई. मी पुस्तक उघडून बसे. माझा बराचसा अभ्यास असा झाला आहे, हे मला मान्य करायला हवं. मोठमाय, म्हणजे त्यांची बायको, तर त्यांनी डोळे मिटले की सरळ उठून गोठ्याकडे जाई. ती म्हणायची, "याइले जित्या माणसाइचं काई सुचत नाई. मेलेल्याइतच राह्यते हा माणूस."

नोकरीत असताना ते आलापल्लीकडे लाकडाच्या एका डेपोवर चौकीदार होते. गाडी फाटकाशी थांबली की कागद पाहायच्या आधी ते ड्रायव्हरचं गाव विचारत. एका ड्रायव्हरनं सांगितलं, मी पंजाबचा. मोठबांनी डोळे मिटले, गुडघा चोळला, खूप वेळ चोळला, आणि शेवटी त्याला म्हणाले, "तिकडं आमचं कोणी गेलं नाई अजून." ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि 'अजून' या शब्दावर थोडे थांबत. जगात कुणीही परका असू शकतो हे त्यांना पटतच नसे. फक्त धागा सापडायचा राहिला आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्या घराण्यात सांगण्यासारखं तसं काही नाही. कोणी पाटील नव्हता, कोणी लढाईवर गेलं नाही. माझ्याआधी कोणी कॉलेजातही गेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या धानात रोवणी करणारी आणि जंगलात लाकडं ओढणारी माणसं. पण मोठबांच्या तोंडी त्यातला एकेकजण असा उभा राही, की वाटे हा आत्ताच बिडी पेटवायला बाहेर गेला आहे.

त्यांची एक पणजी होती. तिचं नवऱ्याशी वांग्याच्या भाजीवरून भांडण झालं आणि ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. बोलायचं असलं की बकरीशी बोले. "बकरे, याले सांग, भात झाला." नवराही बकरीलाच उत्तर देई. संसार चांगला चालला, त्यात मुलंही झाली. पुढे ती बकरी मेली, तेव्हा सगळ्यात जास्त पणजोबा रडले, कारण आता जेवायला कोण बोलावणार.

आणि आमची आजी. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, घरी आले आणि घरातले सगळे देव टोपल्यात भरून वैनगंगेवर नेऊ लागले. आजी टोपल्यामागे गेली आणि एक गोल दगड त्यातून उचलून परत आणला. आजोबा चिडले. आजी म्हणाली, "याले नका नेऊ. हा कामावर हाये." तो दगड लोणच्याच्या बरणीवर दाबायला ठेवलेला असायचा. मोठबा म्हणत, "आमच्या घरचा तो एकटाच देव, जो नोकरीमुळे वाचला." तो दगड अजूनही आमच्या बरणीवर आहे. देव म्हणून नाही, दगड म्हणून.

पण या सगळ्यांच्या वरची गोष्ट दाराची होती. ही मी किती वेळा ऐकली असेल ते सांगता येणार नाही. लग्नाच्या मांडवात, तेरवीच्या पंगतीत, मी तापात पडले होते तेव्हा उशाशी. ती अशी.

मोठबांच्या पणजोबांचे वडील ठेकेदाराची लाकडं ओढायला जात. एकदा मजुरीच्या बदल्यात एक सागवानाचं झाड त्यांच्या वाट्याला आलं, कारण ते वाकडं होतं आणि कुणी घेत नव्हतं. त्यांनी त्याचं दोन पल्ल्यांचं, म्हणजे दोन झडपांचं, दार करून घेतलं. घर कुडाचं, वर तणसाचं छप्पर, आणि पुढे हे जाड सागवानी दार. मोठबा म्हणत, "घरात चोरी करण्यासारखं एकच होतं, आन ते दारच होतं."

त्यांना दोन मुलं. बाप गेल्यावर दोघांत वाटणीवरून भांडण झालं. धाकटा म्हणाला, मला अर्धं पाहिजे. थोरला रागात म्हणाला, "अर्ध कराले घरात हाये काय? दार घेऊन जा." धाकटा उठला, दाराचा एक पल्ला चुळीतून उचकून काढला, डोक्यावर घेतला आणि भर उन्हाळ्यात चालू लागला. दुसऱ्या पल्ल्याला त्यानं हात लावला नाही. अर्धं म्हणजे अर्धं.

थोरल्याचा राग संध्याकाळपर्यंत टिकला. मग तो वाट पाहू लागला. मरेपर्यंत त्यानं दुसरा पल्ला करू दिला नाही. म्हणे, "कायले करता? तो घेऊन येइन ना." पुढच्या पिढ्यांनीही तोच हुकूम पाळला. उरलेल्या जागेत कधी बांबूचा तट्ट्या लावला, कधी पोतं टांगलं. त्यातून कुत्री आली, बकऱ्या आल्या, एका वर्षी बियाण्याचं धान गाईनं खाल्लं. सरकारी योजनेत मोठबांचं पक्कं घर झालं, तेव्हाही त्यांनी मागच्या दाराला तोच एक सागवानी पल्ला लावला आणि शेजारी पत्र्याचा तुकडा ठोकला. वारा सुटला की तो पत्रा रात्रभर वाजायचा. आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे झोप आमचीही मोडायची.

गोष्टीच्या शेवटी मोठबा रस्त्याकडे बोट दाखवत. "गेला. कुठी गेला, कोणाले मालूम. पण दार नेलं, म्हणजे घर झालंच असन कुठीतरी." मग खूप वेळ गप्प. आम्ही त्या गप्प राहण्याचीच वाट पाहत असू, कारण तेवढ्यात उठून जाता येई.

मी त्यांच्यावर वैतागत असे, पण माझं शिक्षण त्यांच्यामुळे झालं. बारावीनंतर मला विज्ञानाला जायचं होतं आणि वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. बाबा म्हणाले, राहू दे. मोठबा म्हणाले, "चंद्रपुरात आपलं कोणी नाई असं कसं होइन?" त्यांनी मला एसटीत बसवलं. चंद्रपुरात ते तीन-चार ठिकाणी विचारत विचारत एका वस्तीत गेले आणि एका घराचं दार वाजवलं. एका बाईनं दार उघडलं. तिच्या हाताला कणीक होती. मोठबांनी उंबऱ्यातूनच सुरुवात केली, तुमच्या सासऱ्याची आत्या, तिचा दीर, त्याची मोठी लेक. बाई ऐकत राहिली. कणीक हातावर वाळली. शेवटी ती म्हणाली, "आत तं या."

त्या घरात मी पदवी होईपर्यंत राहिले. त्यांनी मला कधी परकं वाटू दिलं नाही, त्यांचे उपकार मी कसे फेडणार. शेवटच्या वर्षी मी त्या बाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणे, विचारलं, आपलं नातं नेमकं काय लागतं? त्या म्हणाल्या, "मले काई समजलं नाई वं. तुहा मोठबा बोलाचा थांबन म्हून मी हव म्हटलं."

पुढे मी रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि तालुक्याच्या दवाखान्यात लागले. आमच्या घरात पहिला पगार आला. आणि मग माझ्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या, आणि ज्या गुडघ्यानं मला चंद्रपुरात घर मिळवून दिलं होतं तोच गुडघा आडवा यायला लागला.

आमच्याकडे एका रक्ताची मुलं पिढ्या कितीही गेल्या तरी बहीणभाऊ धरतात. बाकीचे लोक दोन-तीन पिढ्या पाहतात आणि सोडून देतात. मोठबा सोडत नसत. "रक्त पातळ होत नाई," ते म्हणत. पहिला मुलगा पाहायला आला तेव्हा पोह्यांचे दोन घास होईपर्यंत ते गप्प होते. मग आजीचं माहेर, मग गुडघा. "हे पोट्टं तं इचा भाऊ लागते," त्यांनी आनंदानं सांगितलं. त्यांना खरंच आनंद झाला होता. पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या.

दुसरा मुलगा आला तेव्हा तर त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "काका लागते तुहा. ये, पाया पड." मी गोंधळले होते, हातातला ट्रे ठेवून पाया पडलेसुद्धा. ज्याच्यासाठी मी साडी नेसून बसले होते तो मला म्हणाला, "सुखी राहा."

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आई त्यांना काही बोलली नाही. नुसती भांडी घासत राहिली, पण जोरात. मोठबा आपल्या घरी गेले आणि दोन दिवस आमच्या अंगणात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते म्हणत, "तो काका लागते ना, त्याच्या आजीची एक गंमत आठवली."

त्यानंतर मीच कंटाळले. ड्यूटी, घर, परत ड्यूटी. कोणी स्थळ सुचवलं की मी म्हणे, आधी मोठबांना विचारा. हे मी रागानं म्हणत असे, पण ऐकणाऱ्यांना वाटे मोठी संस्कारी मुलगी आहे.

मग आमच्या दवाखान्यात औषधं देणारा एक जण बदलून आला. मूल गावचा होता. शांत माणूस. गर्दीच्या दिवशी आपला डबा अर्धा ठेवून तो माझ्या टेबलावर आणून द्यायचा आणि काही न बोलता जायचा. वर्षभरानं आम्ही दोघांनी ठरवलं. आडनाव वेगळं, तालुका वेगळा. पण त्यानं एक सांगितलं होतं. त्यांच्या घरात शब्द त्याच्या आजीचा चालतो. आजी जोवर माणसं पारखून हव म्हणत नाही तोवर काही होणार नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्री नाटक असतं, आणि दिवसभर घरोघरी पाहुणे. सोयरिकीच्या गोष्टी तेव्हाच निघतात. 'मंडईले या' म्हटलं की ज्याला समजायचं त्याला समजतं. बाबांनी मूलला निरोप धाडला, आणि आजी येणार असं उत्तर आलं.

मोठबांना त्या दिवशी कुठे पाठवता येणार नव्हतं. घरातला थोरला माणूस मंडईच्या दिवशी दिसला नाही तर तोच प्रश्न झाला असता. म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेले. ते मागच्या दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

"मोठबा, या खेपेले काई काढू नका."

"काय नोको काढू?"

"नातं."

ते शेंगा सोलत राहिले. "आन निघालंच तं?"

"निघालं तरी."

"तुले पसंत हाये का तो?"

"हव."

त्यांनी टोपलं माझ्याकडे सरकवलं. "हे घेऊन जाय. उद्या पाव्हण्याइले भाजीत टाका."

याला मी हो समजले.

दुसऱ्या दिवशी मूलचे पाहुणे आले. दोघं आईबाप, तो, आणि आजी. आजी अंगानं एवढीशी, पण आत येताच तिनं खुर्ची नाकारली आणि खाली सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसली. जय भीम झालं, चिवडा आला, चहा आला. मोठबा भिंतीला टेकून बसले होते. चहा संपला तरी त्यांनी कप उजव्या हातात तसाच धरून ठेवला होता. मला आधी कळलं नाही, नंतर कळलं. हात गुडघ्यावर जाऊ नये म्हणून.

आजीनं इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्यात जुनं सांगनारं कोणी हाये का नाई? माणसं कोन, कशी, हे कळाले पायजे ना गा."

आमच्याकडचे सगळे मोठबांकडे पाहायला लागले. ते म्हणाले, "नाई बाई. आमचे बाप-आजे लवकर गेले. कोणी काई सांगतलं नाई."

माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. ती पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून असं वाक्य ऐकत होती.

"मंग मीच सांगते," आजी म्हणाली. "आमचा मूळपुरुष मजेदार होता. आमच्या गावात तो भर उन्हाळ्यात आला. डोक्यावर काय, तं दार."

बाबांनी बशी तोंडाशी नेली होती, ती तिथेच राहिली.

"एकच पल्ला," आजी सांगत होती. "सागवानाचा. लोकाइनं विचारलं, काऊन गा, हे दार कोनाचं? म्हणे, माह्या घराचं. घर कुठी हाये? म्हणे, मांगून येऊन राह्यलं."

तिची सून हसली. हे तिनंही कित्येकदा ऐकलेलं असणार, कारण ती वेळेच्या थोडी आधीच हसली. आमच्याकडचं कोणी हसलं नाही. चिवड्याची ताटली घेऊन मोठमाय दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. या गोष्टीचा पहिला अर्धा भाग आमच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ होता, आणि दुसरा आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

"कोनाचा कोन, त्यानं सांगतलं नाई. गावानं जे आडनाव देल्लं ते लागलं. मोहाच्या झाडाले तो पल्ला टेकवून त्याच्याखाली राहे. एक पोरगी त्याले जेवण घेऊन आली. तं हा उठला, पल्ला हातानं बाजूले केला आन म्हणे, या, आत या. भित नाई, छप्पर नाई. तं ती वाकून आत गेली. तीच आमची आजी मंग. पहिले दार, मंग बायको, आन सगळ्याच्या शेवटी घर."

मी मोठबांकडे पाहिलं. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. जन्मभर ते ज्या माणसाला शोधत होते तो आमच्या सतरंजीवर येऊन बसला होता, बायको मिळवून, घर बांधून. त्यांनी नुसतं 'अरे' म्हटलं असतं तरी माझं लग्न तिथेच संपलं असतं. एका बापाची दोन मुलं. सरळ भावकी. याच्याहून लांबच्या नात्यावरून त्यांनी स्थळं मोडली होती.

"तो पल्ला अजून हाये," आजी म्हणाली. "नव्या घरात ओसरीत विटाइवर ठेवला. मी त्याच्यावरच बसते. जोडीचा पल्ला त्यानं कधी केला नाई. म्हणे, भाऊ आणून देइन. मरेपर्यंत तेच. भाऊ आणून देइन."

मंडईतला पाळण्यावरचा भोंगा तेवढा ऐकू येत होता.

"मंग आला का तो भाऊ?" मोठबांनी विचारलं.

"नाई ना. कुठी आला."

मोठबा रिकाम्या कपात पाहत राहिले. "नसन जमलं त्याले," ते म्हणाले.

"नसन," आजी म्हणाली. मग तिनं थेट विचारलं, "तुमच्यात असं कोणी झालं का गा?"

"आमच्यात साधी माणसं बाई. दारबीर घेऊन कोणी गेलं नाई. सांगण्यासारखं काई नाई आमच्याकडं."

आजीनं त्यांच्याकडे फार कीव येऊन पाहिलं. "असू दे," ती म्हणाली. "सगळ्याच घरी थोडी असते. पोरगी चांगली हाये."

अशा रीतीनं माझं लग्न ठरलं. आजी हात धुवायला अंगणात निघाली, तेव्हा बाबांचा चेहरा पांढरा झाला, कारण आमच्या अंगणातून मोठबांच्या घराचं मागचं दार समोर दिसतं. पण मोठबा तिच्या आधीच उठून गेले होते. मी खिडकीतून पाहिलं. मागच्या दारावर वरपासून खालपर्यंत त्यांची घोंगडी वाळत घातलेली होती, कोरडीच, आणि ते शेजारी उभे राहून ती झटकत होते.

पाहुणे गेल्यावर आमच्या घरात यावर कोणी एक शब्द बोललं नाही. ठरवून नव्हे. बोललं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनीच विचारलं, "तुह्या दवाखान्यातल्या मशिनीत रक्त टाकते ना तू?"

"हव."

"त्याच्यात पाच पिढ्याइचं दिसते का काई?"

"नाई दिसत, मोठबा."

"मंग बरं," ते म्हणाले.

लग्न विहारात साधेपणानं झालं. आहेरात लोकांनी कपाट दिलं, कुकर दिला, भिंतीवरची घड्याळं दिली. मोठबांनी एक बाक दिला. सुतारानं एका जाड जुन्या फळीला चार पाय लावून दिले होते, वरून तेल पाजलं होतं. आजीनं त्यावरून हात फिरवला. "जुना सागवान हाये. कुठी भेटला गा?"

"डेपोत पडून होता," मोठबा म्हणाले.

त्या आठवड्यात मोठबांच्या मागच्या दाराला पूर्ण पत्रा बसला. पाच पिढ्यांत पहिल्यांदा ते दार नीट बंद झालं. मोठमाय म्हणाली, आता वाजत नाही तर तिला झोप येत नाही.

माझ्या नवऱ्याला मी पुढे सगळं सांगितलं. तो आधी हसला. शेवटी एवढंच म्हणाला, "आजीले नोको सांगू."

दाराची गोष्ट मोठबांनी त्या दिवसानंतर कधी सांगितली नाही. पंगतीत बसलेली मुलं अजून मागतात, ती दारवाल्याची सांगा ना. ते म्हणतात, "कोनता दारवाला? मले नाई आठवत." मग बकरीची सांगतात. बकरीची गोष्ट चांगली आहे, पण ती सांगताना ते रस्त्याकडे बोट दाखवत नाहीत.

त्याऐवजी ते आमच्याकडे मूलला येतात. कधी तांदूळ चांगला मिळतो म्हणून, कधी गुडघा जावयाला दाखवायचा म्हणून. औषधं देणाऱ्याला गुडघ्यातलं काही कळत नाही, हे त्यांना माहीत आहे. आता त्यांना ऐकू कमी येतं आणि एसटीची पायरी चढवत नाही, तरी येतात. परवा मी ड्यूटीवरून आले तेव्हा ओसरीत बसलेले होते. माझे पाय दुखत होते, दुपारचा डबा तसाच परत आणला होता, आणि दारातूनच मला आजीचा आवाज ऐकू आला.

"किती खेपा सांगू तुमाले? लहान हाये का तुमी?"

"सांगा ना बाई. तुमचा तो दारवाला."

ओसरीत दोन्ही फळ्या समोरासमोर आहेत. विटांवरच्या फळीवर आजी बसते. बाकावर मोठबा. दोन्हींची लांबी सारखी आहे. सासऱ्यांच्या एकदा ते लक्षात आलं होतं, तेव्हा ते म्हणाले, जुन्या काळी मापं ठरलेली राहत असतील.

आजीनं कंटाळून सुरुवात केली. तिचंही आता वय झालं आहे, मध्येच विसरते. लोकांनी विचारलं, घर कुठी हाये, इथवर आली आणि थांबली.

"मांगून येऊन राह्यलं," मोठबा म्हणाले.

"तुमाले कसं मालूम?"

"तुमीच सांगतलं ना."

मी चपला काढून आत गेले, चहा ठेवला. आतून सगळं ऐकू येत होतं. मोहाचं झाड झालं, जेवण घेऊन आलेली पोरगी झाली, ती वाकून आत गेली. मोठबा प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत होते. मग आजी शेवटाला आली.

"भाऊ आणून देइन म्हणे दुसरा पल्ला. एवढी वाट पाह्यली त्यानं. आणला नाईच त्या भावानं."

मी चहा घेऊन बाहेर आले. मोठबा बाकावर बसले होते, तळहात बाजूच्या लाकडावर सपाट ठेवलेला.

"आणन ना बाई," ते म्हणाले. "घाई काय हाये."